दिनविशेष : मार्चमधल्या तीन तारखा आणि एक खोकला



सकाळी व्हॉट्सॲप उघडलं की ‘आजचा दिनविशेष’ आलेलाच असतो. कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कुठला तरी जागतिक दिन. आपण हात जोडलेली इमोजी टाकतो आणि पुढे जातो. आज मी मार्च महिन्यातल्या तीन तारखा सांगणार आहे. त्या एकत्र वाचा, कारण त्यांचा संबंध तुमच्या घराशीही असू शकतो.

३१ मार्च १८६५

कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेचा हा जन्मदिवस. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी झालं आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण तो अवघे दहा दिवस जगला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचलं असतं, ही गोष्ट तिच्या मनातून गेली नाही. आपल्याकडच्या बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, आणि ती आपणच व्हायचं, असं तिने ठरवलं.

२४ मार्च १८८२

या दिवशी बर्लिनमध्ये डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोग एका जंतूमुळे होतो हे जाहीर केलं. तोपर्यंत हा आजार घराण्यात येतो, नशिबात असतो, अशा समजुती होत्या. आम्ही डॉक्टर कधीकधी फाइलवर टीबीऐवजी ‘कॉक्स’ असं लिहितो, ते याच कॉख यांच्या नावावरून. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात, तोही याचमुळे.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. कॉख यांनी शत्रू दाखवला, पण त्याला मारायचं औषध तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

११ मार्च १८८६

समाजाची टीका सोसून आनंदीबाई १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्याही नव्हत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूकही झाली.

पण क्षयाने त्यांना गाठलं होतं. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता. ज्या कामासाठी इतकं सोसलं, ते काम सुरूच झालं नाही.

क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर तब्बल ५६ वर्षांनी.

मग आज काय बदललं?

जवळजवळ सगळंच. थुंकीच्या तपासणीत जंतूचं निदान काही तासांत होऊ शकतं. त्यासाठी वापरलं जाणारं ‘ट्रूनॅट’ यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने विकसित केलेलं आहे. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. तो पूर्ण केला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

तरीही रुग्ण उशिरा येतात. ‘प्रदूषणाचा खोकला आहे’, ‘सिगारेटमुळे आहे’, असं म्हणत दोन-तीन महिने खोकल्याच्या बाटल्यांवर जातात. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर घरचे निदानही लपवतात. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळ्या बंद करणं. अशा वेळी उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि मग उपचार अवघड होतात.

ही लक्षणं ओळखा :

• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला
• संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम
• वजन कमी होणं, भूक मंदावणं
• थुंकीतून रक्त पडणं

टीबी हवेतून पसरतो. ताटवाटी वेगळी ठेवून काही साधत नाही. मीरा रोड, भाईंदर, काशिमिऱ्याच्या एका खोलीत पाच-सहा जण झोपत असतील, तर खिडकी उघडी ठेवणं, रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल धरणं आणि घरातल्या सगळ्यांनी तपासून घेणं जास्त महत्त्वाचं. योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका बराच कमी होतो. म्हणून रुग्णाला वाळीत टाकू नका. त्याला पोटभर सकस जेवण द्या आणि गोळ्या चुकू देऊ नका.

आनंदीबाई स्वतः डॉक्टर होत्या, पण त्यांच्यासाठी जगात कुठेही औषध नव्हतं. आपल्यासाठी ते महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ठेवलेलं आहे.

येत्या ३१ मार्चला त्यांचा फोटो फॉरवर्ड जरूर करा. त्याआधी एक करा : घरात, शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी कोणी दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल, तर त्याला सोबत घेऊन थुंकी तपासायला जा.

काळजी घ्या.