माशीचं जनुक आणि बनारसचं पान

काशीत ब्रह्मा घाटाजवळच्या जुन्या मराठी वस्तीत माझे मामा राहत. जर्दापान गालात गेल्याशिवाय त्यांच्या गप्पा सुरू होत नसत. गालात आतून पांढरा चट्टा उठला, तेव्हा "चुना लागला असेल" म्हणून त्यांनी सोडून दिलं. तोंडाच्या कर्करोगाने ते गेले. आजची गोष्ट त्या गालातल्या पेशींची. पण ती सुरू होते एका माशीपासून.

पिकल्या केळ्यावर घोंघावते ती फळमाशी. १९२०च्या दशकात नॉर्वेच्या ओट्टो मोर यांनी आखूड, जाड पोटाच्या माश्यांची नोंद केली. दोष एका जनुकात होता, त्याचं नाव पडलं 'फॅट'. पुढे दिसलं, की हे जनुक पुरतं बिघडलं तर अळीच्या अंगातल्या, ज्यांतून पंख आणि पाय घडतात, त्या चकत्या वाढतच राहतात. १९९१ साली कळलं, की ते कॅडहेरिन घराण्यातलं एक अवाढव्य प्रथिन बनवतं. पेशींना एकमेकींशी जोडणारं हे घराणं जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी उजेडात आणलं. फॅट शेजारच्या पेशीवरचं प्रथिन धरतं आणि आपल्या पेशीला निरोप देतं: आता वाढ आवर. अंग घडवणारं हेच जनुक, तेच गाठही रोखतं.

बनारस हिंदू विद्यापीठात सुभाषचंद्र लखोटिया आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं याच माशीच्या जनुकांचा अभ्यास केला. "माशीवर कशाला खर्च?" असं कुणी विचारलं, तर मी २०१३ सालाकडे बोट दाखवतो. त्या वर्षी भारतीय संशोधकांनी गाल-हिरडीच्या कर्करोगातली बिघडलेली जनुकं प्रसिद्ध केली. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक त्यात होतं. वारंवार बिघडलेल्या जनुकांत होतं फॅट१, म्हणजे माशीच्या फॅटचं माणसातलं भावंड.

तंबाखू पेशीतल्या डीएनएवर घाव घालते. असे घाव साचत जातात, आणि आवर घालणारी जनुकं एकेक करून निकामी होतात.

१९४१ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा मेमोरियलची आता वाराणसीत दोन कर्करोग रुग्णालयं आहेत. मामांच्या वेळी ती नव्हती. तुमच्या घरात कुणाच्या गालात चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर चुन्याला दोष देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.