दामाजीपंतांच्या गोणी

आमच्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांची गोष्ट ठाऊक नसलेले मूल सापडायचे नाही. लहानपणी मी आजोबांचे बोट धरून दामाजीच्या देवळात कीर्तनाला जात असे. बुवा रंगात येत, कोठारांची दारे उघडली जात, पुढ्यातली बायामाणसे डोळे पुशीत, आणि शेजारी बसलेले आजोबा हळूच म्हणत, “धान्य वाटलं हे खरं. पण वाहिलं कुणी, ते काही बुवा सांगत नाहीत.”

आजोबांना असा प्रश्न पडावा हे साहजिकच होते. तरुणपणी त्यांनी ज्वारीच्या गोणी बैलगाडीतून पंढरपूरच्या स्टेशनावर नेल्या होत्या. त्या प्रश्नाचे वजन मला कळायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. बेदरच्या बहामनी बादशहाचा अंमल, दामाजीपंत मंगळवेढ्याचे अधिकारी, आणि १४६० च्या सुमाराचा घोर दुष्काळ. त्याला पुढे दामाजीपंतांचा दुष्काळ असेच नाव पडले. सरकारी कोठारे भरलेली, आणि माणसे अन्नान्न करीत मरत होती. महिपतीबुवांनी १७६२ साली लिहिलेल्या ‘भक्तविजया’त या कथेतला एक लहानसा प्रसंग आला आहे. कोठारे खुली करण्यापूर्वी पंतांनी पंढरपूरच्या एका गरीब ब्राह्मणाला धान्य दिले. पण तिथल्या उपाशी लोकांनी ते लुटून नेले. कीर्तनात हा प्रसंग चटकन मागे पडतो. मला तो फार मोलाचा वाटतो. मंगळवेढ्याहून पंढरपूर ते किती दूर? पंचवीसेक किलोमीटर! तेवढ्या वाटेवरसुद्धा दुष्काळात दाणा सुखरूप पोचत नव्हता. म्हणून भुकेल्यांनाच कोठारांकडे चालत यावे लागले.

मग दूरदेशीचे धान्य वाहत कोण असे? लमाणांचे तांडे. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोणी, पुढे नाईक, मागे सारा संसार. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली चौदा हजार बैलांचा धान्याचा तांडा वाटेत भेटला होता. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सांगतो की, असा तांडा समोरून आला म्हणजे अरुंद वाटेवरच्या गाड्यांना तो सरेपर्यंत कधी कधी दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. लमाणांत एक आख्यायिका होती: शहाजहानच्या दख्खनच्या मोहिमेत आसफखानाने त्यांच्या नाइकांना सनद दिली आणि घरांच्या छपराचे गवतही बैलांना घालायची मोकळीक दिली.

आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात त्या धंद्याचे सारे मर्म आहे. तांडा चाले तो वाटेवरच्या चाऱ्यावर आणि पाण्यावर. पाऊस गेला की दाण्याबरोबर चाराही जाई, ओढे आटत, आणि जिथे धान्याची सर्वांत अधिक निकड, नेमकी तिथेच जाणारी वाट बैलांना बंद होई. एका मुलखात दाणा मुबलक आणि दुसऱ्यात माणसे उपाशी, असे का घडे, याचे एक उत्तर हे आहे.

गाड्या वाढल्या तसा व्यापारी आणि गाडीवान यांच्यामध्ये हुंडेकरी उभा राहिला. भाडे, वाटेवरची जकात आणि जोखीम, सगळे मिळून एक रक्कम ठरे, तेच हुंडाभाडे. माल ठरल्या ठिकाणी पोचवणे ही मग हुंडेकऱ्याची जबाबदारी. आस मोडो की गोणी भिजो, व्यापारी बोट दाखवी ते त्याच्याकडे.

१८६० साली आगगाडी सोलापुरास आली. आता दुष्काळ हटला असे पुष्कळांना वाटले असेल. पण १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात स्टेशनापासून गावापर्यंतची वाट अजून बैलांचीच होती, आणि दख्खनात जनावरे पटापट मरत होती. शिवाय आलेला दाणा विकत घ्यायला गरिबाजवळ पैसा कुठे होता? पुढे १९०६ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरपर्यंत आली आणि १९२७ साली सांगोल्यावरून मिरजेस जाऊन मिळाली. सांगली संस्थानातल्या आमच्या मंगळवेढ्याला मात्र तिने बगल दिली. कुर्डुवाडीस तर लहान रुळांवरचा माल मोठ्या रुळांवरच्या डब्यांत चढवण्यासाठी पोतेन् पोते हमालाच्या पाठीवरून जाई.

आजोबा सांगत, “गाडी भरली की मागं आधी कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. आणि माल टाकून रिकामे आलो तरी बैल वैरण खातोच!”

आज मंगळवेढ्याजवळून महामार्ग गेला आहे. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी परवा अड्ड्यावर एक ट्रकवाला मला म्हणाला, “काका, जाताना ज्वारी आहे, येताना काय?” रिकामी गाडीही डिझेल पितेच, म्हणून परतीच्या भाड्यासाठी तो परक्या बाजारात दोन दोन दिवस मुक्काम टाकतो. इकडे व्यापारी म्हणतो, भाडे परवडत नाही. दोघेही खरेच बोलतात. मला आजोबांच्या बैलांची आठवण झाली.

दामाजीपंतांच्या गोष्टीचा शेवट आता मी निराळ्या नजरेने पाहतो. देवाला भक्ताचे देणे फेडायचे होते; ते तो राजा होऊनही फेडू शकला असता. पण लोकांनी त्याला रूप दिले ते खांद्यावर घोंगडी, हाती काठी आणि जवळ पैशांची थैली घेऊन बेदरची वाट तुडवणाऱ्या विठू महाराचे. सरकारी खजिना गावोगाव पोचवण्याचे काम महारांच्या वतनाकडेच असे, आणि त्या पायपिटीचे मोल त्यांच्या पदरात कधी पुरते पडले नाही. कथेतला विठू मात्र पैसे चुकते करतो आणि बादशहाची पावती घेऊनच निघतो. धंद्यातला माणूस तो!

आजोबांनी पंढरपूर स्टेशनावरच्या पावत्या तारेत ओवून ठेवल्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री इतरांच्या पाटावर चोपड्या असत. आमच्या पाटावर ती तार असे, आणि आजोबा तिच्यावर हळदकुंकू वाहून हात जोडीत.