मिठाचा हट्ट

मीठ जितके कमी तितके बरे, हा उपदेश ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला, तान्ह्याच्या दुधात मोजून मीठ कालवावे हा वैद्यकाचा हुकूम मोठा विपरीत वाटेल; परंतु या पथ्याचा पूर्वेतिहास पाहू गेल्यास, पथ्य म्हणून कोणी ते लिहून देण्यापूर्वी एका अजाण बालकाने ते स्वतःच कसोशीने पाळले होते, असे आढळते.

लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिक्टर या बाल्टिमोरच्या दोघा संशोधकांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतातील हा मुलगा जेमतेम वर्षाचा असल्यापासून बिस्किटांवरचे मीठ चाटू लागला. पुढे मीठदाणी हाती लागताच नुसते मीठ खाऊ लागला, आणि ती ज्या फडताळात असे त्याकडे बोट दाखवून, मीठ मिळेपर्यंत रडू लागला. तो जे पहिले मोजके शब्द शिकला, त्यांत मिठाचाही एक होता. आईबापांनी हा हट्ट पुरवला, आणि त्याच हट्टाने त्याला जगवले. साडेतीन वर्षांचा असता, अकाली प्रौढत्वाची चिन्हे दिसल्यावरून त्याला इस्पितळात ठेवण्यात आले. तेथे शिरस्त्याप्रमाणे सर्वांचे अन्न तेच त्याचेही ठरले, आणि सातव्या दिवशी तो दगावला. दोष कोणा एकाचा म्हणावा असे मला वाटत नाही. आईबापांना हट्ट ठाऊक होता, त्याचे कारण ठाऊक नव्हते.

कारण शवविच्छेदनात सापडले, ते मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथींच्या विकृतीत. या ग्रंथींचा स्राव अपुरा पडला की मिठातले सोडियम लघवीवाटे वाहून जाते, त्यामागोमाग पाणी जाते, आणि रक्तदाब ढासळतो. अशा ग्रंथी काढून टाकलेले उंदीर, पुढे ठेवलेले मिठाचे पाणी आपणहून भरपूर पितात आणि तगून राहतात, हे रिक्टरने १९३६ सालीच दाखवून दिले होते.

मीठ गमावण्याची दुसरी वाट घामाची. कपाळाचे चुंबन घेताना खारट लागणारे मूल अल्पायुषी ठरते, अशी युरोपात जुनी लोकसमजूत होती. परंतु १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्म्याने कोसळलेल्या बालकांत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाची मुले आढळली, त्या धाग्यावरून पॉल दी सांताग्नीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या घामात मीठ अतिरिक्त असते, हे १९५३ मध्ये सिद्ध केले, तेव्हा कुठे आयाबायांच्या त्या जुन्या बोलण्याला शास्त्राचा शिक्का मिळाला.

आज अधिवृक्काच्या अशा रोगावर औषधे आहेत. तथापि आईच्या दुधात मीठ फार थोडे असल्याने, तान्ह्या रुग्णाला दिवसाला सुमारे एक ते दोन ग्रॅम मीठ, दुधाच्या अनेक पाळ्यांत विभागून, वैद्याने ठरवलेल्या मापाने द्यावे लागते. खारट घोट तोंडाबाहेर काढणाऱ्या मुलाला चुचकारणे आणि पाहुण्यांच्या टीकेला तोंड देणे, ही दोन्ही कामे आईच्याच गळ्यात पडतात. मूल घरचे जेवण जेवू लागले की हा हिशेब बहुधा सैल करता येतो, कारण मोठ्यांच्या ताटात मीठ मुळातच गरजेहून अधिक असते.