संताची वाट आणि मूरांचा भात

येशूचा शिष्य सांतियागो याच्या समाधीकडे जाणाऱ्या उत्तर स्पेनमधील वाटेवर मी पायी चाललो होतो. खाणावळींच्या दारांवर ‘पाएया’ची रंगीत चित्रे, पानात मात्र गारढोण, पिवळा, गिजगा भात! बुर्गोसच्या धर्मशाळेत वालेन्सियाच्या एक यात्रेकरू आजी भेटल्या. “बाळा, हे आमच्या समुद्रकाठचं, इथे पठारावर कसं मिळेल?” म्हणत त्यांनी पुडीतले केशर काढले, पसरट कढईत कोंबडी, घेवडा नि तांदूळ शिजवले आणि तळाची खरपूस खरवड मला वाढली.

खाता खाता इतिहास आठवला. स्पेनात भातशेती रुजवली ती अरबांनी. तांदळाचे तिथले नाव ‘आरोस’ हेही अरबीच. १२३८ साली जाउमे राजाने वालेन्सिया जिंकले. १६०९ पासून मूरांच्या वंशजांना, बाप्तिस्मा झालेला असूनही, हद्दपार केले गेले. सांतियागोला तर लोक ‘मूरांचा संहारक’ म्हणून पुजत आले. माणसे गेली, भात राहिला. आणि त्याच संताच्या वाटेवर त्याच भाताने माझी भूक भागवली. आजींपुढे पुन्हा ताट धरताना, त्या हद्दपार शेतकऱ्यांनाही मी मनोमन हात जोडले.