तुटलेल्या हाताचें मोल

1924 च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस ब्रिटिश हिंदुस्थानांत कामगार-नुकसानभरपाईचा कायदा अमलांत आला, आणि जव्हार व मोखाडा या शेजारी मुलुखांमधील सीमारेषेस एक नवाच अर्थ प्राप्त झाला. जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान. मोखाडा हा ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे इंग्रजी अमलांतील मुलूख. दोहींकडचे डोंगर सारखे, नाचणी-वरईचीं शेतें सारखीं, आणि वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी हे रहिवासीहि तेच. परंतु नवा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानी प्रजेस तो आपोआप लागू होत नव्हता. रेषेच्या एका बाजूस तुटलेल्या हाताची कांहीं किंमत कायद्यानें ठरविली होती, दुसऱ्या बाजूस ती ठरलेली नव्हती. ज्या बाजूस ती ठरली होती, तेथील माणसाच्या पदरांत तरी ती पडत होती काय, हा त्याहून अवघड प्रश्न.

शरीरास झालेल्या इजेची भरपाई द्रव्यानें करावी, ही कल्पना केवळ पश्चिमेकडून आली असें नाहीं. मनु व याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींत दंडपारुष्याच्या प्रकरणांत जखम करणारानें जखमी बरा होईपर्यंतचा खर्च सोसावा, असें सांगितलें आहे. या खर्चास 'समुत्थानव्यय' अशी संज्ञा आहे. समुत्थान म्हणजे पुन्हां उठून उभें राहणें. भरपाईचा हेतु याहून नेमक्या शब्दांत सांगणें कठीण आहे. मात्र त्याच ग्रंथांत दंडाचें माप वर्णाप्रमाणें बदलतें. अंग सर्वांचें सारखें दुखतें, पण त्याचें मोल सर्वांचें सारखें नाहीं, हा भेद त्या काळापासून चालत आलेला आहे.

इंग्रजी कायद्यांतील वैगुण्य निराळें होतें. माणूस मेला कीं त्याची वैयक्तिक फिर्यादहि त्याच्याबरोबर मरते, असा तेथील जुना नियम. म्हणजे ज्यानें एखाद्यास जखमी केलें तो भरपाईस पात्र, आणि ज्यानें ठार केलें तो मोकळा! आगगाड्यांचे अपघात वाढूं लागल्यावर इंग्लंडनें 1846 सालीं हा दोष दूर केला. मुंबई-ठाणें आगगाडी 1853 च्या एप्रिलमध्यें सुरू झाली, आणि 1855 सालीं तशाच स्वरूपाचा कायदा हिंदुस्थानांत झाला. मृताची पत्नी, मुलें व आईबाप यांस दाव्याचा अधिकार मिळाला. तथापि दुसऱ्याची चूक पुराव्यानें सिद्ध करावयाची होती. गिरणीच्या पट्ट्यांत हात सांपडलेल्या मजुरानें मालकाविरुद्ध वकील द्यावा, साक्षीदार आणावे, आणि निकाल लागेपर्यंत खावें काय?

1923 च्या कायद्यानें ही अडचण बऱ्याच अंशीं दूर केली. कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे नारायण मल्हार जोशी हे 1921 पासून मध्यवर्ती कायदेमंडळांत कामगारांचे प्रतिनिधि होते. या काळांत भरपाईचा प्रश्न कामगारांच्या बाजूनें मांडणाऱ्यांत त्यांचें नांव अग्रभागीं येतें. कामावर असतांना व कामामुळें इजा झाली असेल, तर मालकाची चूक असो वा नसो, त्यानें भरपाई द्यावी, हें नवें तत्त्व. दाव्यासाठीं स्वतंत्र कमिशनर नेमण्यांत आले, आणि भरपाईचें कोष्टकच कायद्यास जोडण्यांत आलें.

तें कोष्टक आज वाचलें तरी मन थबकतें. उजवा हात कोपरापासून गेल्यास कमाईच्या शक्तीची हानि शेंकडा 70, डावा गेल्यास 60, एक डोळा गेल्यास 30, अंगठा गेल्यास 25, तर्जनी गेल्यास 10. महिना 20 रुपये मिळविणारा मजूर घेऊं. तो पूर्णपणें व कायमचा निकामी झाला, तर 42 महिन्यांचें वेतन, म्हणजे 840 रुपये. उजवा हात गेला तर त्याचे शेंकडा 70, म्हणजे 588 रुपये. तो मेला तर वारसांस 30 महिन्यांचें वेतन, म्हणजे 600 रुपये. हाताच्या आणि प्राणाच्या किंमतींत अवघें 12 रुपयांचें अंतर! हें क्रूर भासतें, पण त्यामागें एक हिशेब आहे. मेलेल्या माणसास जेवावें लागत नाहीं; निकामी झालेल्यास आयुष्यभर जेवावें लागतें. कायदा प्राणाची किंमत ठरवीत नव्हता, बुडालेल्या कमाईची ठरवीत होता.

याच ठिकाणीं जव्हार-मोखाड्याचा माणूस या हिशेबांतून निसटला. कायद्याचा रोख गिरण्या, खाणी, रेल्वे, गोद्या अशा ठिकाणच्या कामगारांवर होता; सावकाराच्या शेतांत राबणारा आदिवासी त्यांत येत नव्हता. आणि सर्व गणित मासिक वेतनावर उभारलेलें. वेठीस धरलेल्या माणसास वेतन कसलें? लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायको दोघेंहि सावकाराकडे राबत. अशास 'लग्नगडी' म्हणत. त्याच्या पायावर झाड पडलें, तर 42 महिन्यांच्या शून्यास 70 नें गुणलें काय किंवा 100 नें गुणलें काय, उत्तर शून्यच येणार. 1945 सालीं गोदावरी परुळेकर व किसान सभा यांच्या नेतृत्वाखालीं उंबरगांव-डहाणूकडील वारल्यांनीं वेठ व लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध उठाव केला. भरपाईच्या इतिहासांत त्या लढ्याचा उल्लेख सहसा होत नाहीं. पण श्रमाचा दाम ठरल्यावांचून अंगाचा दाम ठरत नाहीं, हें त्या लढ्यानें दाखविलें.

1948 सालीं जव्हार संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि जुनी सीमारेषा पुसली गेली. वेठबिगारी समूळ रद्द करणारा कायदा मात्र 1976 सालीं आला. मुक्त वेठबिगारांसाठीं केंद्र सरकारच्या 2016 च्या योजनेंत पुरुषास एक लाख, स्त्रिया व बालकांस दोन लाख, आणि अत्यंत छळाच्या प्रकरणीं तीन लाख रुपये पुनर्वसनाकरितां ठरविण्यांत आले. समुत्थानव्ययाचेंच हें एक अर्वाचीन रूप म्हणतां येईल.

दरम्यान न्यायालयांनीं कोष्टकापलीकडे पाहण्यास आरंभ केला होता. डावा हात गमावलेल्या एका सुताराचा दावा 1975 सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. एका हातानें सुतारकाम होत नाहीं; म्हणून त्याची हानि शेंकडा 100 धरली पाहिजे, असा निर्णय झाला. 2010 सालीं त्याच न्यायालयानें हा विचार अधिक स्पष्ट केला: वैद्यानें लिहिलेलें अपंगत्वाचें प्रमाण एक, आणि त्या माणसाच्या धंद्यांतील हानि दुसरी. कारकुनाचा डावा हात गेला तरी त्याची नोकरी टिकूं शकते. मोटारचालकाची टिकत नाहीं. औषधपाणी आणि बुडालेली मजुरी यांशिवाय वेदना, आणि जगण्यांतील गमावलेला आनंद, यांचीहि भरपाई न्यायालयें देऊं लागलीं.

बिनवेतनी श्रमाचा प्रश्नहि अखेर न्यायालयापुढें आला, तो गृहिणीच्या रूपानें. 1989 सालीं जमशेदपूर येथें एका समारंभांत आग लागून अनेक स्त्रिया व मुलें दगावलीं. भरपाई ठरविण्याचें काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांजकडे सोंपविण्यांत आलें. पुढें 2001 सालीं सर्वोच्च न्यायालयानें गृहिणीच्या सेवेचें मूल्य महिना 3000 रुपये धरलें. जिला पगार नाहीं तिच्या श्रमासहि मोल आहे, हें मान्य झालें. लग्नगड्याचें शून्य या निर्णयानें मोडलें असतें. पण तो निर्णय त्याच्या काळीं नव्हता.

जव्हार-मोखाड्याचा माणूस भात कापून झालें कीं आजहि भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर आणि मुंबईकडील बांधकामांवर जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; हजेरीची नोंद बहुधा मुकादमाच्याच वहींत. अपघात झाला तर मुकादम मालकाकडे बोट दाखवितो आणि मालक मुकादमाकडे. 1923 च्या कायद्यानें याचें उत्तर देऊन ठेवलें होतें: काम ज्याच्या धंद्यासाठीं चाललें आहे त्या मूळ मालकानें प्रथम भरपाई द्यावी, आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करून घ्यावी. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कामगारानें केला तरी तोहि त्या कायद्यानें निरर्थक ठरविला. हा कायदा पुढें 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत समाविष्ट करण्यांत आला.

म्हणून हक्काची रेषा आतां जव्हार आणि मोखाडा यांच्यामधून जात नाहीं. ती जाते ज्याचें नांव हजेरींत लिहिलें आहे आणि ज्याचें लिहिलेलें नाहीं, अशा दोन माणसांमधून. शहरांतील सुशिक्षित कुटुंब घर बांधतें, तेव्हां परांतीवर चढणारा माणूस कोणत्या बाजूचा आहे, हें विचारणें त्याच्या हातीं असतें. वहींतील एक ओळ लिहिण्यास क्षणभर लागतो. ती लिहिलेली नसली, तर तुटलेल्या हाताचें मोल सिद्ध करण्यांत उरलेल्या हाताचें आयुष्य खर्ची पडतें.