गिरगावचे ऑपेरा हाउस

ऑपेरा म्हणजे युरोपातले संगीत नाटक. आपल्याकडे किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणले, त्यात गद्यही होते. ऑपेरात बहुधा सारा कारभार गाण्यातूनच! असल्या खेळांसाठी मुंबईत चर्नी रोड स्टेशनाजवळ हे टोलेजंग नाटकगृह उभे राहिले. आपल्याला डोंबिवलीहून जायचे तर दादरला गाडी बदलावी लागते.

कलकत्त्याचे नाटकधंद्यातले मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका नावाचे पारशी गृहस्थ यांची ही कल्पना. कराका कोळशाच्या दलालीतले. त्या दलालीत हात काळे, असे आपण म्हणतो. इथे त्याच पैशातून पांढरेशुभ्र संगमरवरी पुतळे आले! १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांनी उद्घाटन केले, तेव्हा बांधकाम पुरे व्हायचेच होते.

आत मान वर करून पाहावे. घुमटाचे आठ भाग कवी-नाटककारांच्या गौरवार्थ रंगविलेले आहेत. मोठी झुंबरे ससून घराण्याच्या भायखळ्याच्या वाड्यातली. त्या वाड्यात आज मसीना इस्पितळ आहे. छताची घडणच अशी केली, की वरच्या गॅलरीत स्वस्तात बसलेल्यालाही नटाचा शब्द स्वच्छ ऐकू यावा. मला सगळ्या नक्षीहून हेच मोठे वाटते.

परंतु साहेबी ऑपेरावर एवढा डोलारा थोडाच चालणार? बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांची गाणी तिथे झाली, पृथ्वीराज कपूरांची नाटके झाली. १९३५ च्या सुमारास सिनेमाने ताबा घेतला, आणि पडद्याच्या सोयीसाठी बाजूचे बॉक्स गेले. माझ्या सासूबाईंचे माहेर गिरगावचे. त्यांना ते सिनेमाचे थिएटर म्हणूनच ठाऊक. १९५२ साली ते गोंडलच्या महाराजांनी घेतले. पुढे प्रेक्षक आटले, आणि १९९३ मध्ये दाराला कुलूप लागले.

ते तेवीस वर्षे निघाले नाही. तरी बसचा कंडक्टर ‘ऑपेरा हाउस’ पुकारीतच होता! मोक्याची जागा; दुसऱ्या कोणी इमारत पाडून मनोरे बांधले असते. गोंडलकरांनी मात्र वास्तुशिल्पी आभा नारायण लांबा यांच्याकडे दुरुस्ती सोपविली. रंगांचे थर खरवडून मूळचा रंग शोधला, गेलेले बॉक्स पुन्हा उभारले.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा वर गेला. त्या वेळी गायल्या त्या मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ, आणि गायल्या तो ऑपेराच.