निवृत्तिवेतनाचे ऋण आणि शहराची नादारी : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :
मुंबई महानगराची तहान भागविणारे तानसा, मोडकसागर व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. त्यामुळे मोठ्या शहराची तिजोरी हा विषय डोळखांबसारख्या ग्रामीण परिसरापासून वाटतो तितका दूर नाही. शिवाय येथील जिल्हा परिषद शाळांतील शिक्षक, आश्रमशाळांतील कर्मचारी आणि महाविद्यालयीन प्राध्यापक यांना निवृत्तिवेतनाच्या प्रश्नाने गेली अनेक वर्षे अस्वस्थ केले आहे. निवृत्तांचे देणे डोईजड झाल्यास सार्वजनिक संस्थेने दिवाळखोरी जाहीर करून त्यातून मोकळे व्हावे काय, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कृपेकडून हक्काकडे :
मराठेशाहीत रणांगणी पडलेल्या शिपायाच्या कुटुंबास निर्वाहासाठी 'बालपरवेशी' देण्याची रीत होती. सेवेचे ऋण सेवकाच्या पश्चातही उरते, ही जाणीव त्यामागे होती. तथापि ती राज्यकर्त्याची कृपा होती, सेवकाचा हक्क नव्हे. इंग्रजी अमलात याचे राजकीय प्रत्यंतर आले. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावास कंपनीने वार्षिक आठ लक्ष रुपयांचा तनखा दिला. १८५१ मध्ये त्याच्या निधनानंतर तो व्यक्तिगत होता असे ठरवून नानासाहेबांचा दावा फेटाळण्यात आला. देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारे वेतन देणाऱ्याच्या मर्जीनेच थांबते, हा त्याचा अर्थ.

स्वतंत्र भारतात ही भूमिका बदलली. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही बक्षिसी किंवा मेहेरबानी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असा निर्वाळा दिला. एका विशिष्ट तारखेच्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित लाभांपासून वगळणेही न्यायालयाने अमान्य केले. निवृत्तिवेतनधारक आजही १७ डिसेंबर हा आपला दिन म्हणून पाळतात.

मुंबई, १८७१ :
शहर आर्थिक गर्तेत सापडण्याचा अनुभव मुंबईला नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापारातून आलेली सुबत्ता १८६५ मध्ये शेअरबाजारासह कोसळली. त्याच वर्षीच्या कायद्याने नगरपालिकेचा कारभार आयुक्ताच्या हाती एकवटला होता. आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते, आरोग्यव्यवस्था व मंडई यांची मोठी कामे केली. परंतु खर्चावर अंकुश राहिला नाही. १८७१ पर्यंत नगरपालिकेची आर्थिक स्थिती इतकी बिकट झाली की करदाते संतापून उठले. तरुण फिरोजशहा मेहतांनी मात्र दोष एका व्यक्तीपेक्षा बेजबाबदार व्यवस्थेचा आहे, असे प्रतिपादन केले.

या संकटावर देणेकऱ्यांना हात वर करून दाखविणे हा उपाय झाला नाही. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका स्थापन झाली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावयाचे ठरले. खर्च करणाऱ्यास जाब विचारणारी संस्था निर्माण झाली. याच महापालिकेच्या काळात, १८९२ मध्ये, मोठ्या भांडवलाची तानसा योजना पूर्णत्वास गेली.

दिवाळखोरीचा मार्ग :
अमेरिकेत नगरपालिकांसाठी दिवाळखोरीची स्वतंत्र कायदेशीर प्रक्रिया आहे. डेट्रॉइट शहराने १८ जुलै २०१३ रोजी सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह तिचा आश्रय घेतला. मिशिगन राज्याच्या घटनेने निवृत्तिवेतनास संरक्षण दिलेले असूनही न्यायालयाने त्यात कपात होऊ शकते असे ठरविले. अखेर सर्वसाधारण निवृत्तांच्या मासिक वेतनात ४.५ टक्के कपात झाली व त्यांची महागाईनुसार होणारी वाढही बंद झाली. धर्मादाय प्रतिष्ठाने व राज्य शासन यांनी हातभार लावला नसता, तर कपात याहून मोठी झाली असती.

भारतात असा मार्ग नाही. १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाने निगमांविरुद्ध नादारीचा अर्ज करण्यास मनाई केली होती. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही नगरपालिकांसाठी प्रक्रिया नाही. १९८० च्या रतलाम खटल्यात तर पैसा नाही ही सबब सांगून नगरपालिकेला आपले वैधानिक कर्तव्य टाळता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

तारखेची रेषा :
दिवाळखोरीचे दार बंद असल्याने आपल्याकडे ओझे हलके करण्याचा दुसराच मार्ग निघाला. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना महाराष्ट्र शासनाने परिभाषित अंशदान योजना लागू केली. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम कर्मचाऱ्याने आणि तितकीच शासनाने भरावयाची. अखेरच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी संपली. म्हणजेच नुकसान होण्याची जोखीम तिजोरीकडून कर्मचाऱ्याकडे गेली. एकाच विभागात, एकाच कामासाठी दोन प्रकारचे वार्धक्य निर्माण झाले.

'एकच मिशन, जुनी पेन्शन' या घोषणेसह १४ ते २० मार्च २०२३ या काळात झालेला संप हा या विषमतेचाच उद्रेक होता. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. तीत २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांची हमी आहे. जी हमी २००५ मध्ये नाकारली, तिच्याकडे काही अंशी परतावे लागले, हे येथे लक्षणीय ठरते.

दुसरी बाजूही नाकारता येत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली आणि शहरांचे राज्याच्या भरपाईवरील अवलंबन वाढले. निवृत्तांच्या देण्यासाठी जाणारा पैसा शाळा, दवाखाने व पाणी यांच्या वाट्यातून कमी होतो. मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथील शेतमजुराला असे निवृत्तिवेतन नाही. त्याचाही सार्वजनिक तिजोरीवर हक्क आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, दिवाळखोरी देणे नाहीसे करीत नाही. ते केवळ कोणी सोसावयाचे हे ठरविते. डेट्रॉइटमध्ये ते वृद्धांनी सोसले, महाराष्ट्रात उशिरा सेवेत आलेल्यांनी. केलेल्या सेवेचा मोबदला बुडविण्याचा अधिकार शहराला वा राज्याला असू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र हक्क मान्य करावयाचा तर त्याचा हिशेबही मांडावा लागेल. भविष्यातील निवृत्तिवेतनाचे एकूण दायित्व प्रत्येक अर्थसंकल्पात स्पष्टपणे नमूद करणे आणि त्यासाठी दरवर्षी निधी बाजूला काढणे, हे १८७२ च्या सुधारणेचे आजचे रूप ठरेल. तेव्हा मुंबईला सावरले ते हिशेब विचारण्याच्या अधिकाराने. निवृत्तिवेतनाच्या प्रश्नातही प्रारंभ तेथूनच करावा लागेल.